सालाची चव

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

शाळेच्या दाखल्यावर माझी जन्मतारीख १ जून १९७२ अशी आहे. ती मास्तरांनी दिलेली. मराठवाड्यातल्या माझ्या वयाच्या निम्म्या लोकांची जन्मतारीख १ जूनच असते, याचं कारण तुम्हाला माहीत आहे. नाव घालायला आणलेल्या पोराची खरी तारीख घरच्यांना सांगता यायची नाही आणि मास्तर एक जून लिहून मोकळे व्हायचे. आमच्या दादीला तारखेत रस नव्हता. कुणी विचारलं तर ती म्हणायची, "ये मिलो के साल का है." मृग कोरडा गेला होता, लोक आभाळाकडं बघत होते, तेव्हा मी झालो म्हणे.

मिलो म्हणजे काय, हे आता सांगावं लागतं. १९७२ च्या दुष्काळात रानात काही पिकलं नाही, तेव्हा रेशनच्या दुकानात अमेरिकेहून आलेली लाल ज्वारी मिळायची. तिचं नाव मिलो. तिची भाकरी थापताना कडा चिरायच्या, तव्यावर टाकताना मोडायची, आणि खाल्ली तरी जेवल्यासारखं वाटायचं नाही, असं दादी सांगायची. दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्यांना सुकडी, आणि घरात मिलो. माझे थोरले चुलते 'पुलिस ॲक्शन'च्या सालातले, म्हणजे १९४८ चे. त्या सालाबद्दल आमच्या घरात फारसं बोललं जात नसे. धाकट्या बहिणीच्या सालाला मात्र नाव नव्हतं. "उस साल जवार अच्छी हुई थी," एवढंच दादी म्हणायची.

वाईट सालांना नावं होती, चांगल्या सालांना नव्हती. हे माझ्या ध्यानात फार उशिरा आलं, आणि तेही नाशिकजवळच्या एका वाइनच्या तळघरात.

आता परभणीचा मुसलमान कवी वाइनच्या तळघरात काय करत होता, असं तुम्ही विचाराल. २०१३ च्या फेब्रुवारीत नाशिकला कविसंमेलन होतं. दुसऱ्या दिवशी संयोजक मंडळी आम्हा पाहुण्या कवींना द्राक्षमळा आणि वाइनचा कारखाना दाखवायला घेऊन गेली. गझलेत मी साकीला अनेकदा बोलावलं आहे, पैमाना भरला आहे, रिकामा केला आहे. प्रत्यक्षात ओठाला थेंब लावलेला नाही. यात नवल नाही. उर्दूत रियाज़ खैराबादी होऊन गेले. मदिरेवरच्या शायरीचे ते इमाम समजले जातात आणि ते कधी प्याले नाहीत, असं सांगतात. मी तर त्यांच्या दारातला धूळकण.

तिथं आम्हाला माहिती द्यायला एक तरुण होता. बोलण्यावरून ओळखलं, आपल्याकडचा आहे. जिंतूरकडचा निघाला, आमच्या परभणीच्या कृषी विद्यापीठात शिकलेला. हे विद्यापीठ १८ मे १९७२ रोजी स्थापन झालं. इंग्रजी वर्ष आम्हा दोघांचं एकच, पण दादीचं साल मृगापासून मृगापर्यंत, त्यामुळं तिच्या हिशेबानं विद्यापीठ माझ्या आधीच्या सालातलं. बाकीचे कवी पेल्यांकडं वळले तेव्हा त्यानं माझी अडचण ओळखली. मला बाहेर बागेत नेलं आणि एक घड तोडून हातात दिला. वाइनची द्राक्षं आपण खातो तशी नसतात. मणी बारीक, आत बी, आणि साल जाड. "सर, नुसता गर खाऊ नका, साल चावा," तो म्हणाला. "लाल वाइनचा रंग सालीत असतो. रस पांढराच."

मग त्यानं मला दोन बाटल्या दाखवल्या. मळा तोच, वेल तेच, द्राक्षाचा वाण तोच. फरक फक्त चिठ्ठीवरच्या आकड्याचा, म्हणजे सालाचा. आणि दोन्हींची चव वेगळी, असं तो सांगत होता. का? तर एका साली पाऊस दिवाळीपर्यंत रेंगाळला, दुसऱ्या साली वेळेवर गेला आणि थंडी लांबली. मी मनात म्हटलं, रंग सालीत आणि चव सालात. फरक एका मात्रेचा. कवीला असलं काही सापडलं की तो घरी जाईपर्यंत खुश असतो. पण परतीच्या रात्रभराच्या प्रवासात मला ते दोन आकडेच आठवत राहिले. त्या बाटलीला आपलं साल ठाऊक होतं. आमच्या कणगीतल्या ज्वारीलाही ठाऊक असायला हवं होतं.

मी इतिहासाचा अभ्यासक नाही, साधा बी.ए. आहे. पण या गोष्टीचा माग काढताना दौलताबादपर्यंत जावं लागलं.

मुहम्मद तुघलकानं १३२७ साली राजधानी दिल्लीहून दौलताबादला आणली, हे आपण शाळेत हसत हसत शिकलो. त्याच्याच दरबारात मोरोक्कोहून आलेला इब्न बतूता हा प्रवासी दिल्लीचा काझी होता. १३४२ साली तो चीनला जायला निघाला आणि वाटेत दौलताबादला थांबला. त्यानं तिथल्या मराठी लोकांबद्दल लिहिलं, गाणाऱ्यांच्या बाजाराबद्दल लिहिलं, आणि एक बारीक नोंद करून ठेवली: इथं द्राक्षं आणि डाळिंबं वर्षातून दोनदा येतात. ज्या मुलखांतून तो आला होता तिथं द्राक्षवेल हिवाळ्यात पानं झाडून झोपी जाते, वसंतात जागी होते आणि एकदाच फळते. दोनदा फळणारी वेल त्याला नवलाची वाटली, यात काय आश्चर्य?

आपल्याकडं वेलीला झोपच लागत नाही. झोप लागावी इतकी थंडी इथं पडत नाही. मग तिला वेळापत्रक माणसानं लावून द्यायचं. पावसाळ्यात पिकलेली द्राक्षं आंबट आणि पाणचट, कुजण्याचीही भीती. हिवाळा अंगावर घेऊन पिकलेली गोड. म्हणून आजचा बागायतदार वेल दोनदा छाटतो आणि पीक एकदाच घेतो. एप्रिलची ती खरड छाटणी, ऑक्टोबरच्या आसपासची ती गोडी छाटणी. काय नाव ठेवलंय बघा, गोडी! एप्रिलमध्ये वेल जवळजवळ बोडकी करतात. मग नव्या काड्या फुटतात आणि मे-जूनच्या कडक उन्हात त्या काड्यांच्या डोळ्यांत पुढच्या घडांचा गर्भ धरतो. त्या दिवसांत आभाळ भरून राहिलं तर घड कमी लागतात. म्हणजे फेब्रुवारीतलं द्राक्ष मे महिन्याचं ऊन पोटात घेऊनच जन्माला येतं. २०२५ साली मे महिन्यातच पावसाळा बसल्यासारखा पाऊस झाला, तेव्हा आमच्यासारखे लोक उकाडा गेला म्हणून खुश होते. द्राक्षवाल्यांच्या घरात त्या आभाळाकडं कुणी आनंदानं पाहिलं नसेल.

ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी केलेली बाग जानेवारी ते मार्चमध्ये तोडणीला येते. आता आपल्या रानात या. सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत शाळू पेरायचा, डिसेंबर-जानेवारीत हुरडा खायचा, फेब्रुवारी-मार्चमध्ये काढणी. म्हणजे ज्या द्राक्षाला आपण कुठलं तरी परदेशी, श्रीमंत फळ समजतो, त्याला या मातीनं सरळ रब्बीच्या रांगेत बसवलं आहे. शाळूच्या शेजारी. युरोपात वाइनचं साल उन्हाळा ठरवतो. आपल्याकडं ते हिवाळा ठरवतो, आणि तोच हिवाळा आपली भाकरीही ठरवतो.

शब्दांचा नाद असलेल्या माणसाला इथं थोडं थांबू द्या. रब्बी हा शब्द अरबी, अर्थ वसंत. कारण पीक वसंतात हाती येतं. खरीप म्हणजे शरद. मौसमही अरबी. साल आणि हंगाम फारसी. हवामान या शब्दात तर अर्धा भाग तिकडून आलेला आणि अर्धा संस्कृतातला, आणि जोड कुठं आहे ते दिसतही नाही. निजामाच्या राज्यात सारावसुलीसाठी फसली साल चालायचं. फस्ल म्हणजे हंगाम, पीक. ही कालगणना अकबराच्या काळात सुरू झाली, कारण चंद्राच्या हिजरी वर्षाचे महिने ऋतूंतून सरकत जातात आणि पीक काही चंद्र पाहून पिकत नाही. दख्खनमध्ये मृगापासून सुरू होणारी सालंही होती. निजामाच्या दफ्तरात मात्र पुढं हे वर्ष आझुर महिन्यापासून, म्हणजे आपल्या ऑक्टोबरपासून सुरू व्हायला लागलं. आमच्या आजोबांच्या जमिनीचे उर्दू कागद आहेत, त्यांवर १३५१ फसली असं लिहिलेलं आहे. म्हणजे १९४१-४२. ऑक्टोबरला वर्ष सुरू करणारा कारकून द्राक्षाचा किंवा शाळूचा विचार करत असेल असं मी म्हणत नाही, पण दोघांचं वर्ष तिथूनच सुरू होतं एवढं खरं.

आणि पंचांगाचाच विषय निघाला तर उमर खय्याम आठवतो. आपल्याला तो मदिरेचा कवी म्हणून ठाऊक. पोटापाण्याला तो गणिती आणि ज्योतिर्विद होता. १०७९ साली सुलतान मलिकशाहनं जी जलाली कालगणना सुरू केली, वर्षारंभ वसंतसंपाताशी बांधला, तिच्या रचनेत खय्याम होता. साल मोजणारा माणूस तो. लोकांनी त्याच्या हातात पेला देऊन ठेवला. आपल्याकडं १९८० च्या दशकात पुणे जिल्ह्यातल्या नारायणगावला जी फेसाळ वाइन तयार होऊन परदेशी जायला लागली, तिचं नावही 'ओमर खय्याम'च होतं. २००१ साली महाराष्ट्र सरकारनं द्राक्षप्रक्रियेचं धोरण आणलं आणि नाशिकच्या बाजूला हा उद्योग वाढला. तिथं शिराझ नावाच्या काळ्या द्राक्षाच्या बागा आहेत. शिराझ म्हणजे हाफिज आणि सादी यांचं गाव! मी हरखून गेलो होतो. पण १९९० च्या दशकाच्या अखेरीस वैज्ञानिकांनी या वाणाची जनुकं तपासली तेव्हा त्याचे आईबाप फ्रान्समधलेच निघाले. शिराझचं फक्त नाव. असो. कवींची अशी फसगत नेहमीच होते.

आता साल चवीत कसं उतरतं ते पाहू. यातलं द्राक्षाचं मला त्या जिंतूरच्या पोरानं शिकवलं आणि ज्वारीचं अब्बांनी.

हस्त नक्षत्राला आपण हत्ती म्हणतो. सप्टेंबरच्या शेवटापासून ऑक्टोबरच्या दहा तारखेपर्यंत हत्ती असतो. तो मोठा पडला की आपली काळी माती खालपर्यंत भिजते. शाळूला पुढं पाऊस नको असतो. तो त्या साठवलेल्या ओलीवर वाढतो. कोरडवाहू शाळूचं सगळं भांडवल जमिनीच्या पोटात असतं आणि ते भरायची मुदत हत्ती-चित्रापर्यंत. भांडवल कमी पडलं तर दाणा भरायच्या वेळी ताट आतून पोखरल्यासारखं होतं, वाऱ्यानं आडवं पडतं. त्याला आपल्याकडं खडखड्या म्हणतात. मग ऑक्टोबरच्या शेवटी स्वाती. स्वातीच्या पावसानं माणिक-मोती पिकतात असं आपले म्हातारे सांगायचे. आमच्या विद्यापीठानं काढलेल्या रब्बी ज्वारीच्या एका वाणाचं नाव 'परभणी मोती' आहे, ते ठेवताना कुणाच्या तरी मनात स्वाती असणारच.

पण हीच स्वाती नाशिकला नको असते. गोडी छाटणी झालेली, कोवळी फूट बाहेर आलेली, घड दिसायला लागलेले, आणि अशात चार दिवस ढग बसले तर डावणी येते. पानाच्या पाठीवर पांढरी बुरशी, आणि पाहता पाहता घड जळून जातात. २००९ च्या नोव्हेंबरमध्ये फयान चक्रीवादळाबरोबर आलेल्या पावसानं नाशिकच्या बागांचं असंच नुकसान केलं. २०१९ ला तर ऑक्टोबर संपला तरी पाऊस हटेना. तिकडं द्राक्षं गेली, आमच्याकडं रानात काढून ठेवलेल्या सोयाबीनला मोड आले. म्हणजे एकाच ढगाला परभणीचा शेतकरी ये म्हणतो आणि नाशिकचा जा म्हणतो. रब्बीच्या रांगेत शेजारी बसले, तरी दोघांची दुआ वेगवेगळी.

नोव्हेंबर सरला की दुआ एक होते. आभाळ निरभ्र राहू दे, थंडी पडू दे, पण अति नको. परभणीची थंडी तुम्हाला ठाऊक आहे. डिसेंबर २०१८ च्या अखेरीस विद्यापीठाच्या वेधशाळेत पारा दोन-तीन अंशांपर्यंत उतरला होता. शाळू फुलोऱ्यात असताना अशी थंडी पडली तर कणसात दाणेच कमी धरतात. पण दाणा धरल्यावरची बेताची, लांब चाललेली थंडी म्हणजे बरकत. दाणा सावकाश भरतो, जास्त दिवस भरतो, टपोरा होतो. घाईत, उन्हाच्या चटक्यात भरलेला दाणा चपटा राहतो. द्राक्षातही असंच. दिवसा ऊन, रात्री गारवा असेल तर साखर हळूहळू चढते आणि आंबटपणा टिकतो. मणी पिकत असताना रात्री गरम झाल्या तर त्यातलं आम्ल जळून जातं, साखर भराभर चढते आणि वाइन नुसती जड, बोजड होते. "गोड तर सगळीच करतात सर," तो पोरगा म्हणाला होता, "आंबटपणा टिकवणं अवघड." मी हे वाक्य घरी येऊन वहीत लिहून ठेवलं. कवितेलाही लागू पडतं.

मध्येच ढगाळ हवा आली तर शाळूवर मावा पडतो, पानं चिकट होतात, कडबा जनावरं तोंडात धरत नाहीत. द्राक्षावर भुरी येते. आणि शेवटी फेब्रुवारी. पीक दाण्यात आलेलं, घड साखरेत आलेला. या वेळी पाऊस झाला तर द्राक्षाचा मणी पाणी पिऊन तडकतो, आणि ज्वारीचा मोत्यासारखा दाणा काळा पडतो.

हे सगळं आपले म्हातारे सांगायचे तेव्हा आपण त्याला अनुभव म्हणून बाजूला ठेवायचो. १९८० च्या दशकात अमेरिकेतल्या ऑर्ली ॲशनफेल्टर नावाच्या अर्थशास्त्रज्ञानं फ्रान्सच्या बोर्दो भागातल्या वाइनच्या किमती आणि हवामानाचे जुने आकडे समोरासमोर मांडले. त्याला दिसलं की पुढं जाऊन कोणत्या सालाची वाइन महाग विकली जाईल हे मुख्यतः तीन गोष्टींवरून सांगता येतं: आधीच्या हिवाळ्यात पाऊस बरा झाला का, वाढीच्या दिवसांत ऊब होती का, आणि तोडणीच्या तोंडावर, ऑगस्ट-सप्टेंबरात, कोरडं राहिलं का. वाचलं तेव्हा मला हसू आलं. जमिनीच्या पोटात ओल, मधले दिवस पिकाला मानवणारे, आणि शेवटी पाऊस नको. आमच्या अब्बांनी यापेक्षा वेगळं काय सांगितलं होतं? फरक एवढाच की त्यांच्याकडं आकडे नव्हते आणि त्यांचं ऐकून कुणी ज्वारी विकत घेत नव्हतं.

आकडे ठेवण्यात मात्र फ्रेंचांचा हात धरणारा कुणी नाही. बोन या गावी द्राक्षतोडणी कोणत्या दिवशी सुरू झाली याच्या नोंदी १३५४ पासून जुळवता आल्या आहेत. म्हणजे इब्न बतूता आपली भटकंती संपवून मोरोक्कोत परतला, त्या काळापासून. ले रॉय लादुरी या इतिहासकारानं १९६७ साली अशा तोडणीच्या तारखांवरून हजार वर्षांच्या हवामानाचा इतिहास लिहिला. उन्हाळा कडक तर तोडणी लवकर, थंड तर उशिरा. १८११ साली आकाशात मोठा धूमकेतू दिसत होता आणि त्या साली द्राक्षं अशी उतरली की लोक कित्येक वर्षं धूमकेतूची वाइन म्हणून तिची आठवण काढत राहिले. जर्मन कवी गटे तिचा चाहता होता. पाचच वर्षांनी, १८१६ ला, उन्हाळाच आला नाही. आदल्या साली इंडोनेशियात तांबोरा ज्वालामुखी फुटला होता, त्याच्या धुरळ्यानं सूर्य मंद झाला होता. द्राक्षं वेलीवर हिरवीच राहिली. आणि २०१९ मध्ये बोनच्या सगळ्या नोंदी एकत्र मांडल्या तेव्हा दिसलं की १९८८ नंतर तिथली तोडणी जुन्या सरासरीपेक्षा तेरा दिवस आधी होते आहे. साडेसहाशे वर्षांच्या वहीनं दिलेली ही साक्ष आहे. आपल्याकडं हुरडा कधी आला याची वही कुणी ठेवली असती तर?

वही आमच्या घरात नव्हती, पण मोंढा होता. अब्बांबरोबर मी लहानपणी मोंढ्यात जायचो. व्यापारी पोत्यात हात घालून मूठभर ज्वारी काढायचा, तळहातावर पसरायचा, फुंकर मारायचा, आणि बोलायच्या आधीच त्याच्या चेहऱ्यावर भाव उमटलेला असायचा. त्याला तळहातावर सगळं साल दिसायचं. हत्ती पडला की नाही, थंडी लांबली की नाही, काढणीला पाऊस लागला की नाही. पारख त्याला फ्रेंचांइतकीच होती. पण एक गोष्ट उलटी होती. वाइनचं साल चांगलं तर बाटली महाग. ज्वारीचं साल चांगलं तर सगळ्यांचीच ज्वारी चांगली, मोंढा भरलेला आणि भाव पडलेला. साल वाईट असेल तर दाणा काळा, म्हणून भाव कमी. अब्बा दोन्ही सालांत तेवढेच पैसे घेऊन घरी यायचे. मला वाटतं, चांगल्या सालांना आमच्या घरात नाव नव्हतं याचं एक कारण हे असावं. घरात खाल्लेल्या भाकरीपलीकडं त्यांनी मागं काही ठेवलंच नाही.

भाकरी मात्र तशी पुन्हा मिळाली नाही. चांगल्या सालाच्या शाळूची भाकरी दुसऱ्या दिवशी शिळी खाल्ली तरी मऊ असते, चावताना मागून गोडसर लागते. दादी नव्या सालाची पहिली भाकरी मोडून नुसतीच, कशाशीही न लावता, तोंडात धरायची आणि डोळे मिटायची. वाइनच्या कारखान्यातली माणसंही पहिला घोट असाच धरतात. नाशिकला हे बघितलं तेव्हा बाकीचे कवी हसत होते. मला दादी आठवली.

आता २०१४. फेब्रुवारीच्या सुरुवातीला परभणीला तुराबुल हक बाबांचा उरूस भरतो. हा उरूस चंद्राच्या तारखेनं फिरत नाही, दरवर्षी त्याच दिवसांत, शाळू निसवून दाण्यात आलेला असताना येतो. उरुसाला आलेली माणसं जत्रेत पाळण्याखाली उभी राहून कुणाच्या रानात कणीस कसं आहे हेच बोलतात. त्या साली सगळे एकच बोलत होते, कित्येक वर्षांत असं साल आलं नाही. हत्ती झाला होता, थंडी बेताची होती. अब्बा तेव्हा पंच्याहत्तरीच्या पुढं होते, पण रानात रोज जात होते. कणसं वाकून गेली होती. महिनाअखेरीला आभाळ आलं आणि पुढं मार्चच्या मध्यापर्यंत मराठवाड्यावर गारपीट होत राहिली. थांबून थांबून, एक गाव सोडून दुसरं. लिंबाएवढ्या गारा पडल्या. आमचं रान एका संध्याकाळी आडवं झालं. नाशिकच्या त्या पोराचा फोन आला होता. त्यांच्याकडच्याही बागा झोडपल्या होत्या.

पडलेल्या कणसांतून जमेल तेवढी ज्वारी आम्ही काढली. काळी पडली होती. मोंढ्यात नेली. व्यापाऱ्यानं हातात घेतली आणि परत पोत्यात टाकली, फुंकरही मारली नाही. जो भाव सांगितला तो अब्बांनी ऐकून घेतला. मग त्यांनी विचारलं, "ही नेता कुठं शेठ? भाकरीला तर चालायची नाही."

"कोंबडीच्या खाद्याला जाईल. नाहीतर दारूच्या कारखान्याला. तिथं काळीगोरी बघत नाहीत."

अब्बा गप्प झाले. पाच वक्त नमाज पढणारा माणूस. आयुष्यभर ज्या पिकाकडं त्यांनी पोराकडं बघावं तसं पाहिलं, ते कुठं निघालं होतं! मी त्यांना म्हणणार होतो की चला, परत नेऊ. पण भाड्याचं वाहन बाहेर उभं होतं आणि घरात लग्न काढलेलं होतं.

"शेठ," अब्बा शेवटी म्हणाले, "आमची तेवढी कोंबडीलाच जाऊ द्या."

व्यापारी हसला. वाईट माणूस नव्हता तो. "बरं चाचा," म्हणाला, "चिठ्ठी लावतो तुमच्या पोत्यांवर."

पोती उतरली, ढिगात मिसळली. चिठ्ठी कुणी लावली नाही. येताना अब्बा एकदाच बोलले, तेही त्या सालाला नाव दिल्यासारखं: "गारों का साल." त्यानंतर दोन वर्षांनी ते गेले. आता आमच्या शिवारात शाळू थोडा उरला आहे, सगळीकडं सोयाबीन आहे, त्यामागं हरभरा. मी हट्टानं एकरभर शाळू पेरायला लावतो. भाऊ कुरकुर करतो, काढणीला माणूस मिळत नाही म्हणतो, आणि पेरतो.

जिंतूरचा तो पोरगा अजून तिकडंच आहे. आता त्याच्या हाताखाली चार माणसं आहेत. ऑक्टोबर सरत आला की त्याचा फोन ठरलेला. कवितेबद्दल एक शब्द विचारत नाही. मागं एकदा ऐन स्वातीत ढग जमले, हवा कोंदट झाली, आमच्या रानात नुकताच उगवलेला शाळू पाण्याची वाट बघत होता, आणि फोन वाजला.

"सर, तिकडं पडतोय का?"

"नाही रे. तिकडं?"

"अजून नाही. पण आभाळ लई आलंय."

"मग थांबलायस कशाला," मी म्हटलं, "दे इकडं पाठवून."